आजीची गिनी पॉलिशला देताय? थांबा! सोन्याच्या जुन्या नाण्याची ‘ग्रेड’ कशी ठरते ते आधी वाचा

दिवाळी आली की बऱ्याच घरांत एक सीन ठरलेला असतो. लक्ष्मीपूजनासाठी कपाटातला दागिन्यांचा डबा निघतो. त्यात मऊ कापडाच्या पुरचुंडीत आजीची किंवा पणजीची एखादी गिनी असते. तिच्यावर लालसर डाग पडलेले असतात, चमक जरा बसलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, “पूजेत ठेवायचीय ना, मग जरा घासून घे की.” रिठ्याचं पाणी येतं, जुना ब्रश येतो, कुणी टूथपेस्टही आणतं. नाहीतर गिनी थेट सराफाकडे पॉलिशला जाते.

दोन मिनिटांत गिनी लख्ख होते. सगळे खूश. पण ती गिनी संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मीळ असेल, तर त्याच दोन मिनिटांत सोन्याच्या भावापेक्षा जास्त मिळू शकणारी तिची किंमत पाण्यात गेलेली असते. आणि ती परत आणायचा कुठलाही उपाय जगात नाही.

असं का होतं? जुन्या नाण्याची ‘कंडिशन’ नेमकी कोण मोजतं, कशी मोजतं? एमएस-६५, एयू-५८ असले आकडे काय सांगतात? सगळं नीट समजून घेऊ.

सोन्याच्या नाण्याची किंमत कशाकशाची असते?

सराफाकडे नाणं नेलं तर तो दोन गोष्टी बघतो : वजन आणि कस. गिनी म्हणजे आठ ग्रॅम, बावीस कॅरेट, आजचा भाव अमुक. हिशोब संपला.

नाणेसंग्राहक त्याच नाण्याकडे तीन थरांत बघतो.

पहिला थर सोन्याचा. ही किंमत वितळवल्यावरही मिळते.

दुसरा थर दुर्मीळपणाचा. कुठल्या टांकसाळीत पडलं, कुठल्या साली, किती पडली आणि आज किती शिल्लक आहेत.

तिसरा थर अवस्थेचा. टांकसाळीतून बाहेर पडलं त्या दिवशी हे नाणं जसं होतं, त्याच्या किती जवळ ते आज आहे? या तिसऱ्या थराला जो आकडा दिला जातो, तीच ‘ग्रेड’.

एक टोकाचं उदाहरण घेऊ. अमेरिकेचं १९३३ सालचं ‘डबल ईगल’ हे २० डॉलरचं सोन्याचं नाणं जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. त्यात सोनं होतं साधारण ३० ग्रॅम, म्हणजे त्या दिवसांच्या भावाने जेमतेम १,८०० डॉलरचं. ही नाणी ४ लाख ४५ हजारांहून जास्त पाडली गेली होती. पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा आदेश काढला आणि नाणी चलनात न येताच जवळपास सगळी वितळवली गेली. त्यामुळे इथे बहुतेक किंमत दुर्मीळपणाची आहे. तरीही लिलावात त्या नाण्याच्या नावासोबत एक आकडा होताच : एमएस-६५.

७० मार्कांचा पेपर आला कुठून?

आपल्याकडे परीक्षा १०० मार्कांची असते. नाण्यांची परीक्षा ७० मार्कांची आहे. हा विचित्र आकडा आला विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. त्याला अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांचा नाद होता. १९४९ मध्ये त्याने या नाण्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी पट्टी मांडली. कल्पना सरळ होती. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ मार्क, निर्दोष नाण्याला ७०. आणि ७० मार्कांच्या नाण्याची किंमत १ मार्कवाल्याच्या ७० पट.

किमतीचं हे गणित पुढे कोलमडलं, कारण बाजार कुणाच्या सूत्राने चालत नाही. पट्टी मात्र टिकली. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ती सगळ्या अमेरिकी नाण्यांसाठी स्वीकारली. म्हणजे आज सोन्याच्या नाण्यांना लावली जाणारी मोजपट्टी मुळात तांब्याच्या पैशासाठी बनली होती.

या गोष्टीचा शेवटही भारी आहे. शेल्डन वारल्यानंतर उघड झालं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगल्या अवस्थेतली सेंट नाणी त्याने गुपचूप काढली होती आणि त्या जागी स्वतःकडची हलक्या दर्जाची ठेवली होती. अवस्थेतल्या फरकाला किती मोल असतं, हे पट्टी बनवणाऱ्याला सगळ्यात चांगलं कळलेलं होतं!

ग्रेड कशी वाचायची?

ग्रेडमध्ये आधी अक्षरं असतात, मग आकडा. वर्ग अक्षरांवरून कळतो, त्या वर्गातली जागा आकड्यावरून.

१ ते ३ (पुअर, फेअर, अबाउट गुड) : नाणं जवळपास गुळगुळीत. कुठलं आहे एवढंच कळतं.

४ ते १० (गुड, व्हेरी गुड) : नावाप्रमाणे ‘गुड’ अजिबात नाही. बाह्यरेषा दिसते, आतली नक्षी बहुतेक गेलेली.

१२ ते १५ (फाइन) : सगळीकडे झीज, पण मुख्य भाग स्पष्ट.

२० ते ३५ (व्हेरी फाइन, म्हणजे व्हीएफ) : उंच भाग झिजलेले, खोलगट भागातली नक्षी शाबूत.

४० ते ४५ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे एक्सएफ) : झीज फक्त सगळ्यात उंच टोकांवर, बाकी नक्षी धारदार.

५० ते ५८ (अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे एयू) : झीज अगदी नाममात्र. मूळ झळाळी बरीचशी शिल्लक.

६० ते ७० (मिंट स्टेट, म्हणजे एमएस) : वापराची झीज शून्य. फरक पडतो तो ओरखडे, झळाळी, छाप किती ठसठशीत उठली आहे आणि एकूण रूप यावर. ७० म्हणजे पाचपट मोठं करून बघितलं तरी दोष सापडू नये.

इथे दोन गोष्टी नवख्यांना चकवतात.

एक, ‘फाइन’, ‘गुड’ हे शब्द ऐकायला छान आहेत, पण त्यांची जागा पट्टीच्या तळाकडे आहे. “ताई, एकदम फाइन कंडिशन आहे” असं कुणी म्हणालं, तर ते कौतुक नसून १२ मार्क आहेत.

दोन, एयू-५८ हे नाणं एमएस-६० पेक्षा देखणं असू शकतं. ६० वालं कधी कुणाच्या खिशात गेलेलंच नसतं, पण टांकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून ते ओरखड्यांनी भरलेलं असू शकतं. ५८ वाल्याला मात्र फक्त एका टोकावर पुसटशी झीज असते. त्यामुळे कधीकधी ५८ ला जास्त पैसे मिळतात.

हातात घेऊन बघू : मुंबईची १९१८ ची गिनी

आता एक खरंखुरं नाणं तपासू. आपण ज्याला गिनी म्हणतो ते बहुतेक वेळा ब्रिटिश ‘सॉव्हरिन’ असतं. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर, कस २२ कॅरेट. लंडनशिवाय ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथेही ती पाडली गेली. आणि एकदा आपल्या मुंबईतही!

पहिल्या महायुद्धात सोनं जहाजाने लंडनला नेणं धोक्याचं झालं. म्हणून मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा सुरू झाली आणि १९१८ हे साल असलेल्या सुमारे १३ लाख गिन्या पाडल्या गेल्या. मुंबईची गिनी फक्त याच सालाची आहे. १९१८ सालचंच मुंबईचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही आहे, वजन आणि कस अगदी गिनीचाच.

तुमच्या घरातली १९१८ ची गिनी मुंबईची आहे का, हे कसं ओळखायचं? घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा सेंट जॉर्ज ज्या बाजूला आहे ती बाजू वर करा. खाली साल दिसेल. त्या सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या पट्टीवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असेल, तर ती मुंबईची. ‘आय’ म्हणजे इंडिया.

आता ग्रेडिंगवाला काय करतो ते बघा.

१. धरणं. नाणं फक्त कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरायचं. तोंडावर बोट टेकवायचं नाही, कारण घामातलं तेल आणि क्षार ठसा सोडतात. खाली मऊ कापड किंवा उशी ठेवायची, हातातून निसटलं तर फरशीवर आपटू नये म्हणून.

२. उजेड. खोलीतली ट्यूब बंद करून टेबलावर एकच पिवळा दिवा लावायचा. मोबाइलचा फ्लॅश नको, तो सगळं सपाट दाखवतो.

३. फिरवणं. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करत फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. ही टांकसाळीची मूळ झळाळी.

४. उंच टोकं. झीज नेहमी सगळ्यात उंच भागावर सुरू होते. गिनीवर पंचम जॉर्जच्या बाजूला कानावरचे केस, मिशी आणि दाढी बघायची. दुसऱ्या बाजूला सेंट जॉर्जचं शिरस्त्राण, छाती, मांडी आणि घोड्याचा पुठ्ठा. फिरणारा उजेडाचा पट्टा या ठिकाणी तुटला आणि तिथे सपाट, मंद रंगाचा ठिपका दिसला, तर झीज आहे. म्हणजे ६० च्या खाली.

५. मोकळी जागा. चेहऱ्यासमोरचा आणि मानेमागचा रिकामा भाग. ओरखडे सगळ्यात आधी इथेच खुपतात. गालावरचा एक चरा केसांत लपलेल्या पाच चऱ्यांपेक्षा जास्त मार्क कापतो.

६. भिंग. सगळ्यात शेवटी पाचपट ते दहापट भिंग. सुरुवातीलाच भिंग लावलं तर प्रत्येक नाणं खराबच वाटतं.

७. कड. दातेरी कड पूर्ण फिरवून बघायची. कुठे ठोका, कुठे कानस मारल्याची खूण, कुठे कडी लावल्याचा डाग? बहुतेक लबाड्या कडेवरच सापडतात.

झीज किती बारीक असते?

हे समजण्यासाठी एक जुना नियम उपयोगी आहे. ब्रिटनच्या १८७० च्या नाणे कायद्याप्रमाणे गिनीचं वजन ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलं, की ती कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे ७.९८८ वरून फक्त ५० मिलिग्रॅम कमी! सराफाच्या हिशोबात ५० मिलिग्रॅम किरकोळ आहेत. पण हे सोनं जातं कुठून? केसांच्या बारीक रेषा, मिशीची टोकं, घोड्याचे स्नायू याच उंच जागांवरून. त्यामुळे सोन्याची किंमत जेमतेम अर्धा टक्का उतरते, पण ग्रेड मिंट स्टेटवरून कित्येक पायऱ्या खाली येते.

आणखी एक गोंधळ असतो. काही नाण्यांवर केसांची नक्षी पहिल्यापासूनच उमटलेली नसते, कारण ठसा जुना झालेला होता किंवा दाब कमी पडला. ती झीज नव्हे. ओळखायचं कसं? नक्षी पुसट आहे, पण त्या जागेवर झळाळी अखंड आहे, तर छाप कमजोर. नक्षीही गेली आणि झळाळीही गेली, तर झीज.

पॉलिशने नेमकं काय बिघडतं?

टांकसाळीत सोन्याच्या चकतीवर दोन ठशांचा प्रचंड दाब पडतो. त्या क्षणी सोनं मध्यापासून कडेकडे सरकतं आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उठतात. उजेड या रेषांवरून परावर्तित होतो म्हणून ते चाकासारखं फिरणारं तेज दिसतं.

सोनं मऊ असतं. ब्रश, टूथपेस्ट, पॉलिशचा बफ, अगदी खरखरीत कापडसुद्धा त्या रेषा घासून टाकतं. त्यानंतर नाणं चमकतं, पण ती चमक आरशासारखी सपाट असते किंवा एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या ओरखड्यांनी भरलेली असते. दिव्याखाली फिरवलं की उजेडाचे पट्टे फिरत नाहीत. सरावलेल्या डोळ्याला हे दोन सेकंदांत कळतं.

आणि ते लाल डाग? शुद्ध सोनं काळं पडत नाही. पण गिनीत साडेआठ टक्क्यांच्या आसपास तांबं आहे, त्याचे कण पृष्ठभागावर आले की लालसर ठिपके पडतात. संग्राहकाला ते चालतात, घासलेलं नाणं चालत नाही.

घासलेल्या, पॉलिश केलेल्या, कडी काढलेल्या किंवा खरवडून नक्षी ‘दुरुस्त’ केलेल्या नाण्याला ग्रेडिंग कंपन्या सरळ मार्क देत नाहीत. त्यावर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो. म्हणजे, नक्षी एयू दर्जाची आहे, पण नाणं साफ केलेलं आहे. सोप्या भाषेत : पेपर छान लिहिला, पण निकाल राखून ठेवला. असं नाणं सोन्याच्या भावाच्या खाली जात नाही, पण त्याच ग्रेडच्या निखळ नाण्याशी त्याची बरोबरी होत नाही.

पुतळीमाळ आणि कडीचा प्रश्न

आपल्याकडे सोन्याचं नाणं तिजोरीपेक्षा गळ्यात जास्त राहिलं. पुतळीमाळेतली ‘पुतळी’ मुळात व्हेनिसचं डुकॅट हे नाणं. एका बाजूला सेंट मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या महिरपीत येशू. साधारण साडेतीन ग्रॅम वजनाचं, जवळपास शुद्ध सोन्याचं. व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर आलं, त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे ‘पुतळी’ झालं, आणि मग इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही पाडल्या.

दागिन्यात ओवायला नाण्याला भोक पाडतात किंवा कडी झाळून लावतात. कडी काढली तरी झाळेचा फिकट डाग आणि कडेचा खड्डा राहतो. वर्षानुवर्षं अंगावर घासून एक बाजू जास्त झिजते. म्हणून दागिन्यातल्या नाण्याला वरची ग्रेड मिळणं जवळपास अशक्य.

पण याचा अर्थ कडी कापून नाणं ‘सुटं’ करा असा मुळीच नाही. कडी काढल्याने ग्रेड सुधारत नाही. उलट अखंड जुना दागिना हीच वेगळी किमतीची वस्तू असते. आहे तसं ठेवा.

मोहर आणि होन यांना हीच पट्टी लावायची का?

गिनी यंत्रावर पडलेली आहे, प्रत्येक नाणं सारखं. मुघल मोहर किंवा मराठ्यांचा होन हाताने पाडलेला आहे. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये सोन्याची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. बऱ्याच मोहरांत ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर मावतच नसे. इथे “अक्षरं अर्धीच आहेत” म्हणजे झीज असं धरलं तर चूक होईल.

म्हणून हाताने पाडलेल्या नाण्यात आणखी प्रश्न विचारले जातात : घाव मधोमध बसला आहे का? राजाचं नाव, टांकसाळ आणि साल यातलं काय काय नाण्यावर आलं आहे? सराफांनी कस तपासायला मारलेल्या छोट्या छापा किती आहेत आणि कुठे? प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी ही अमेरिकन कंपनी तर झिजेच्या ग्रेडसोबत छापेला आणि पृष्ठभागाला प्रत्येकी पाचपैकी वेगळे मार्क देते.

शिवरायांचा सोन्याचा होन हे याचं सगळ्यात जिव्हाळ्याचं उदाहरण. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचं इवलंसं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आज अस्सल होन मोजकेच माहीत आहेत. त्यामुळे होनाच्या बाबतीत पहिला प्रश्न ग्रेडचा नसतोच. पहिला प्रश्न एकच : खरा आहे का?

ग्रेडच्या आधी खरेपणा

नकली नाण्याला ग्रेड नसते. गिनीच्या नकला तर खऱ्या सोन्यातही झाल्या आहेत, कारण गिनीला सोन्याच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे मिळतात. घरच्या घरी प्राथमिक चाचण्या या :

वजन : ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर गिनी ७.९४ ते ७.९९ च्या दरम्यान यायला हवी. ८.१ आली तर संशय घ्या, झिजून वजन वाढत नसतं.

घनता : काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. बावीस कॅरेटला उत्तर १७.६ च्या आसपास येतं. म्हणजे गिनीसाठी काटा साधारण ०.४५ दाखवेल. मग नाणं मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका.

नक्षी : ओतीव नकलेवर बारीक छिद्रं आणि बोथट कडा दिसतात. अक्षरांचे कोपरे साबणासारखे गोल वाटतात.

एक सावधगिरी : टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याइतकीच, म्हणजे १९.३ च्या जवळ असते. शिवाय खऱ्या सोन्यात पाडलेली नक्कल या चाचण्यांतून सहज पास होते. म्हणून घरची चाचणी नापास करू शकते, पास करू शकत नाही. शेवटचा शब्द जाणकाराचाच.

प्लॅस्टिकच्या डबीतलं नाणं म्हणजे गॅरंटी?

१९८० च्या दशकात अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या आल्या. त्या विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून नसतात. नाणं तपासतात, ग्रेड देतात आणि पारदर्शक कडक डबीत सील करतात. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. त्यावर ग्रेड आणि नंबर असतो.

फायदा मोठा आहे, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रेड हे तज्ज्ञांचं मत आहे. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर ६३ चं ६४ किंवा उलटही होऊ शकतं. दुसरं, स्लॅबच्याही नकला होतात, त्यामुळे नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून फोटो जुळवायचा. तिसरं, “हे नक्की ६७ येईल” असं सांगून बिनसीलचं नाणं कुणी विकत असेल, तर पैसे आजच्या नाण्याचे द्या, उद्याच्या ग्रेडचे नाही.

कायदा काय म्हणतो?

हा भाग फोटो-रीलमध्ये कुणी सांगत नाही.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ नुसार १०० वर्षं पूर्ण झालेलं नाणं ‘पुरावस्तू’ ठरतं. म्हणजे मुंबईची १९१८ ची गिनी त्या यादीत जाऊन बसली आहे. वारशाने आलेलं नाणं घरात ठेवायला बंदी नाही. पण खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग विक्रीसाठी असो वा ग्रेडिंगसाठी. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो. म्हणजे घेताना विक्रेत्याकडे परवाना आहे का आणि पक्कं बिल मिळतंय का, हे बघायचंच.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा कायदा वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. राजस्थानात बयाना इथे १९४६ मध्ये गुप्तकाळातल्या सोन्याच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. काही नाणी वितळवली गेली, १,८२१ वाचली. त्यांचा अभ्यास करून सूची केली ती आपल्या अनंत सदाशिव आळतेकर यांनी. जी वितळली, त्यांवर काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

आणि फसवणुकीबद्दल. “जुनं नाणं द्या, लाखो मिळवा, आधी फक्त प्रोसेसिंग फी भरा” असे मेसेज रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केलं, की बँक असले व्यवहार करत नाही आणि कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही.

मग घरात जुनं नाणं असेल तर काय करायचं?

घासू नका, धुऊ नका, पॉलिश नको, कडी कापू नका. चिकट मळ असेल तरी तो काढायचं काम जाणकारावर सोडा.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून निघणारा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. पीव्हीसी नसलेलं पाकीट किंवा कडक गोल डबी वापरा, प्रत्येक नाणं वेगळं.

दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. वजन लिहून ठेवा. कुणाकडून आलं, कधी आलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून त्याच कागदावर लिहा.

वितळवायचा किंवा मोडायचा निर्णय घ्यायच्या आधी नाणं किमान दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. नाणी बघायची सवय लावायची असेल, तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था ही दोन चांगली ठिकाणं आहेत.

आणि हेही खरं, की प्रत्येक गिनी दुर्मीळ नसते. कोट्यवधी गिन्या पाडल्या गेल्या, बऱ्याचशांना सोन्याच्या भावाच्या आसपासच किंमत येते. तुमची त्यातलीच निघू शकते. पण ती कुठली आहे हे कळायच्या आधी घासली, तर तपासायला काही उरतच नाही.

तेव्हा या लक्ष्मीपूजनाला गिनी आहे तशीच पाटावर ठेवा. हळद-कुंकू वाहायचं ते तिच्या डबीवर वाहा. लाल डाग असले तरी लक्ष्मीला चालतील.